इंजिनाखालचा पत्रा

२२ सप्टेंबर १९५७, रविवार

शरदचं पत्र. चार ओळी माझ्या गुडघ्याच्या चौकशीच्या, बाकी सगळे हुकूम. मोटार विकून टाक. घर भाड्यानं दे. दसरा झाला की घ्यायला येतो. मुंबईची जागा दीड खोलीची, तेव्हा यमुआत्याला सध्या अमरावतीच्या काकांकडे ठेवू. सध्या म्हणे! गेल्या वर्षी राजधानी नागपुरातून उठली, कचेऱ्या मुंबईला गेल्या, त्यांच्यामागे हा गेला. आता आईलाही फायलीबरोबर मागवून घेतो आहे.

यमुवन्सं शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. मी भेंडी चिरत होते. पत्र त्यांना दिलं नाही, पदराखाली सारलं. त्यांनी विचारलंही नाही. यांची ही धाकटी बहीण. सदतीस वर्षांची झाली, लग्न नाही, डावा हात कोपरातून सरळ होत नाही. तो हात कुणापायी मोडला हे घरात कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नाही, मला पाठ आहे ते.

२४ सप्टेंबर

घट बसले. यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासूनचं हे तिसरं नवरात्र.

दुपारी गॅरेज उघडलं. मोटारीवर धूळ, आत उंदरांचा वास. मागच्या भिंतीला माझी जुनी सायकल खुंटीवर टांगलेली. ती आहे हे विसरलेच होते. विसरले होते म्हणजे काय, बघायचं नाही असं ठरवलं होतं.

मोटारीत मागे जाऊन बसले जरा. माझी जागा मागचीच, शेजारी यमुवन्सं. पुढे सासूबाई, गाडी चालवायला हे — धोतर, वर कोट, काळी टोपी. वकिलाला हॉर्न कशाला लागतो, हे आवाजानंच माणसं बाजूला करायचे. रामटेकला जाताना वाटेत एकदा चाक बसलं. बाजूच्या बागेतल्या माळ्यानं संत्र्यांची टोपली दिली. चाक बदलेपर्यंत आम्ही तिघी ती खात बसलो. सासूबाईसुद्धा हसत होत्या त्या दिवशी. सालींचा वास परत येईतो गाडीत होता.

आता गादीला वास येतो उंदरांचा.

२७ सप्टेंबर

गिऱ्हाईक मिळालं. ओमप्रकाश म्हणून आहे, जरीपटक्याचा सिंधी. कापडाचं दुकान. दहा वर्षांपूर्वी हातात एक ट्रंक घेऊन आला होता म्हणाला, आता मोटार घेतोय. ऐकून बरं वाटलं. 'बहनजी, दशहरे के दिन ले जाऊंगा. अच्छा दिन है.' रविवारी एक चक्कर मारून बघू असं ठरलं.

नानाजीला निरोप धाडला. मोटारीला पहिल्या दिवसापासून त्याचाच हात लागलेला. कोष्ट्याचा मुलगा, इतवारीमागे घर, घरात अजून माग आहे आणि त्याची बायको मैनाबाई त्यावर बसते. हा पंधराव्या वर्षीच माग सोडून मोटारींच्या खाली शिरला. आला तो गॅरेजच्या दारातच उभा राहिला. 'खरंच विकून राहिले का बाई?'

मी म्हटलं, 'मग काय मी चालवू?'

हसला नाही. मीही विनोद केला नव्हता. बाईनं सायकल चालवलेली या घराला एकदा पुरली.

२८ सप्टेंबर

लिहूनच टाकते. इतकी वर्षं कुठेच लिहिलं नाही.

एकोणीसशे अडतीस. मी सव्वीस वर्षांची. सदरमधली एक मिशनरी बाई विलायतेला परत निघाली, तिची सायकल यांनी माझ्यासाठी घेतली. अंगणात पंधरा दिवसांत शिकले. शेजारच्या दोघी म्हणाल्या, आम्हालाही शिकवा. मग चौघी झाल्या, मग अकरा. यांनीच पत्र्याची पाटी रंगवून आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं:

स्त्रियांसाठी सायकल-वर्ग
सौ. प्रेमलता पोतनीस
सकाळी ६ ते ८
पडण्याची भीती नाही

शेवटची ओळ यांची. मी म्हटलं, ही काय हमी द्यायची गोष्ट आहे? म्हणाले, 'वकील आहे, जबाबदारी माझी.'

सकाळी सहाला मैदानावर. नऊवारी खोचलेल्या अकरा बाया, एक सायकल. मी शिट्टी वाजवायची. 'समोर बघा! चाकाकडे नको, समोर!' सगळ्यांत चांगली यमुवन्सं. अठरा वर्षांची पोर, आठव्या दिवशी माझा हात न धरता मैदानाला वेढा घातला. मला इतका आनंद शरदच्या जन्मानंतर तेव्हाच झाला होता.

नोव्हेंबरात वर्ध्याचं स्थळ त्यांना बघायला यायचं होतं. आदल्या सकाळी त्या पडल्या. सपाट जागा, खड्डा नाही, दगड नाही. कोपराचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं ते वाकडंच बसलं. वर्ध्याच्या लोकांनी हात पाहिला आणि चहा न घेता गेले. पुढची स्थळंही तशीच गेली.

सासूबाईंनी मला अंगणात उभं केलं आणि पाटीवरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला लावली.

दुसऱ्या दिवशी पाटी जागेवर नव्हती. दोन खिळे तेवढे राहिले. सासूबाई म्हणाल्या, केशवनं, म्हणजे यांनी, कबाडीला देऊन टाकली. मी यांना विचारलं नाही. हे बोलले नाहीत. सतरा वर्षं संसार केला त्यानंतर, चांगला केला, पण ती गोष्ट दोघांत तशीच पडून राहिली. मरताना हात धरला होता माझा, तेव्हाही मनात आलं, आता तरी विचारावं. नाही विचारलं.

२९ सप्टेंबर, रविवार

आज फजिती.

नानाजी चालवायला, शेजारी ओमप्रकाश, मागे मी. सीताबर्डीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. ओमप्रकाश खूश. सदरच्या वळणावर खालून धाडकन आवाज आणि मग खडखडखड! रस्त्यावरची माणसं कानांवर हात ठेवून बघायला लागली. एक टांगेवाला म्हणाला, 'बाईची पेटी पडली!'

नानाजी खाली शिरला. इंजिनाखाली एक पत्रा असतो, चिखल-दगड आत उडू नये म्हणून. त्याची मागची बाजू सुटून लोंबत होती आणि रस्त्याला घासत होती. पुढचे दोन बोल्ट काढल्याबरोबर अख्खा पत्रा त्याच्या छातीवर. बाहेर आला तो काळाठिक्कर, तोंड उतरलेलं.

'बाई, माहीच चूक हाय. मागून बोल्टाची जागा नाही, म्हनून दोरीनं बांधतो मी. साहेब गेले तवा नवी दोरी लावली होती. सुताची. अन् सवयीनं तिले खळ लावून देल्ली.'

खळ म्हणजे कांजी. कोष्टी ताण्याच्या सुताला लावतात, सूत कडक व्हावं म्हणून. मोटारीच्या दोरीला कांजी लावणारा मेकॅनिक जगात हा एकच असेल. दोन वर्षं उंदरांनी जेवण केलं आणि आज दोरी तुटली. मला हसू आवरेना. तो बिचारा आणखीच खजील झाला.

ओमप्रकाश म्हणाला, 'कोई बात नहीं. लगा के देना, बस. दशहरे को आता हूं.'

पत्र्यावर चौदा-पंधरा वर्षांचं तेल आणि चिखल, बोटभर जाड. नानाजी म्हणाला, 'मी घरी नेतो बाई, धुऊन आनतो.' मी म्हटलं, राहू दे इथेच, उद्या इथेच लाव. तो परत म्हणाला, 'नेतो ना.' दोनदा, तीनदा. मला संशयच आला, हा बदलून दुसरा कसला फुटका पत्रा लावायचा की काय. म्हटलं, माझ्या मोटारीचा पत्रा माझ्या घरी राहील. अंगणात उभा करून ठेवला.

१ ऑक्टोबर

नानाजी काल आला नाही, आज आला तो संध्याकाळी, रिकाम्या हातानं. घरातली सगळी हत्यारं धुऊन मागासमोर पाटावर मांडली म्हणे. पाने, हातोडी, जॅक, सगळं मैनाबाईच्या धोट्याशेजारी. उद्या खंडेनवमी. पूजा झाली की सीमोल्लंघन होईतो हत्याराला हात लावायचा नाही. बापाच्या वेळेपासूनची रीत, ती तो मोडणार नाही.

'परवा सकाळी तो मनुष्य मोटार न्यायला येणार आहे, नानाजी.'

'मले मालूम हाय. पन हत्यार बसलं ना बाई.'

जाताना पुन्हा पत्र्याकडे बघून गेला. 'धुऊ नका बरं तुमी. हाताले लागल.' माझ्या हाताची इतकी काळजी याला आजवर कधी नव्हती.

२ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचं आजच लिहिते.

सकाळी आम्हीही घरातलं सगळं लोखंड पुजेला काढलं. विळी, अडकित्ता, किसणी, कोयता, यांच्या कागद कापायच्या सुऱ्या. यमुवन्सं एका हातानं घासत होत्या, मी धूत होते. मोटार विकली तरी आजचा दिवस ती घरचीच, म्हणून तिलाही हार घातला.

नवमीला यांची एक तऱ्हा होती. लोक मोटारीच्या तोंडाला कुंकू लावतात. हे चटई टाकून, कुंकवाची वाटी घेऊन मोटारीखाली शिरायचे. धोतर दर वर्षी तेलानं नासायचं. मी चिडायचे, वरून पूजा होत नाही का? खालून म्हणायचे, 'खालचं कुणी बघत नाही, म्हणून.' मी धोब्याच्या नावानं बोटं मोडायचे.

ते आठवलं आणि वाटलं, पत्रा तरी असा घाणेरडा कशाला ठेवायचा? तोही लोखंडच. नानाजी म्हणाला धुऊ नका, म्हणजे मी धुणारच. राख, रॉकेल, नारळाच्या शेंड्या घेऊन बसले. खालची बाजू नुसती खरवडलेली, गंजलेली. उलटा केला. इंजिनाकडची बाजू. तेलाचा थर गोठलेल्या खोबरेलासारखा निघायला लागला. खाली निळं दिसलं.

मग पांढरं.

'सायकल'.

यमुवन्सं उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी घासत राहिले. पाटीची डावी कड चार बोटं कापलेली आहे, मोटारीत बसावी म्हणून. त्यात 'स्त्रि' गेलं. 'सौ.' गेलं. आता नुसतं प्रेमलता पोतनीस. खालची ओळ मधोमध होती, ती अख्खी, एक ओरखडाही नाही: पडण्याची भीती नाही.

आधी संताप आला. खोटं कशाला लिहू? माझी पाटी कापून मोटारीच्या पोटाला लावली! कबाडीला दिली असती तर निदान कुणाच्या छपरावर गेली असती. दर रविवारी मी तिच्यावर बसून फिरत होते आणि मला पत्ता नाही.

मग ती कुंकवाची वाटी आठवली. दर वर्षी. बारा-तेरा वर्षं.

अंगणातच बसून रडले. यमुवन्सं आत निघून गेल्या. त्यांनी खांद्यावर हात ठेवला असता तर बरं वाटलं असतं.

३ ऑक्टोबर, दसरा

नानाजी सकाळीच आपट्याची पानं घेऊन आला. पाया पडला. मग पाटी दिसली त्याला, देवापाशी टेकून ठेवलेली. मटकन खाली बसला.

म्हटलं, 'आता सांग.'

त्यानं सांगितलं ते असं. लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, उमरेडच्या रस्त्यावर मूळ पत्रा दगडाला लागून फाटला. पत्रा बाजारात कुठेच नव्हता. साहेब कोर्टातल्या आपल्या खोलीत त्याला घेऊन गेले. कपाटामागे पाटी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पाच वर्षं तिथेच ठेवली होती.

'कापताना साहेबाच्यानं पाहवलं नाही. भाईर जाऊन उभे राह्यले. मंग म्हने, नाना, अक्षरं वरून ठेव. रस्त्याचे गोटे त्याले लागले नाही पाह्यजे.'

'मला का नाही सांगितलं?'

'मीबी इचारलं, बाईले काहून नाही सांगत? तं म्हने, बाईची काहीच चूक नव्हती नाना. पन मले थे तिले सांगता येत नाही. मी जबान देल्ली हाय.'

'जबान? कुणाला?'

'थे नाही सांगितलं.'

सासूबाईंना दिली असेल. पण त्या एकोणपन्नासला गेल्या. त्यानंतर सहा वर्षं हे होते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द इतका पाळायचा? आणि माझी चूक नव्हती असं यांना वाटायचं, तर एकदा तोंडानं म्हणायला काय झालं होतं? मी त्या एका वाक्यासाठी सतरा वर्षं थांबले होते.

दहाला ओमप्रकाश आला, बायकोला घेऊन, हार आणि नारळ घेऊन. मी सांगितलं, गाडी घेऊन जा, पत्रा मिळणार नाही. त्याला कळेना. मग त्यानं पाटी पाहिली, बायकोला वाचून दाखवली. ती पदराआडून हसली. 'रहने दो बहनजी. पत्रा और मिल जाएगा.' नानाजी म्हणाला, परवा मी नवा बसवतो, बोल्टाचा, दोरी नाही.

मोटार फाटकाबाहेर गेली. मला वाटलं होतं जास्त वाईट वाटेल. यमुवन्सं गॅलरीतून बघत होत्या. कालपासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

५ ऑक्टोबर

शरदला उत्तर लिहिलं. येत नाही. यमुवन्संचा हात माझ्या वर्गात मोडला, त्यांचं लग्न माझ्यामुळे राहिलं, त्यांना दुसऱ्याच्या दारात ठेवून मी तुझ्याकडे बसणार नाही. ते माझ्याच्यानं फिटणारं नाही, पण निदान पाठ फिरवणार नाही. असं सरळ लिहिलं.

टाकायच्या आधी यमुवन्संना वाचून दाखवलं. वाटलं, बरं वाटेल त्यांना. त्या म्हणाल्या, 'शरदचं पत्र मी केव्हाच वाचलं वैनी. तुमची गादी उन्हात टाकताना खाली सापडलं.' आणि ताटावरून उठल्या. भात तसाच.

चुकलंच माझं काहीतरी. काय ते कळत नाही.

६ ऑक्टोबर

आज वर्तमानपत्र वाचलं गेलं नाही. घडी तशीच पडून आहे.

७ ऑक्टोबर

सकाळी यमुवन्सं पाटीसमोर जाऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'वैनी, मी पडले नव्हते. मला वर्ध्याचं लग्न नको होतं. थोडं खरचटेल, बघायला येणारे परत जातील, एवढंच मनात होतं. मी हात सोडले. दादाला सांगितलं आणि आईची शपथ घालून गप्प बसवलं. पाटीही मीच त्याच्याकडे लपवायला दिली. आता तुमच्यावर माझं काही नाही. जा तुम्ही मुंबईला.'

मी गॅरेजमधून सायकल खाली उतरवली, नानाजीकडे धाडली. आल्यावर त्यांना म्हटलं, 'उद्या सकाळी सहाला. पदर नीट खोचून या.'

शरदचं पत्र नव्यानं लिहिलं. येत नाही, एवढंच.